खिळ्यावरचे बारा डावे

बुटांच्या कारखान्यात, कटिंग खात्यात, मास्तरांच्या मेजाच्या बरोबर वर भिंतीला एक खिळा होता. खिळ्यावर तांबड्या चामड्याचे बारा तुकडे दोऱ्यात ओवून टांगलेले होते. बाराही तुकडे डाव्या पायाचे. नऊ वर्षं ते तिथे होते. तांबड्याचे तपकिरी झाले, कडा वळल्या, त्यांच्यावर धूळ बसली, पण मास्तरांनी त्यांना कोणाला हात लावू दिला नव्हता. खात्यात नवा माणूस आला की मास्तर आपली रापी, म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी, खिळ्याच्या दिशेनं रोखत आणि म्हणत, "बघून ठेव. अख्खं कातडं होतं. डाग नाही, ओरखडा नाही. आणि आमच्या डाव्यानं त्यातून बारा डावे काढले. लंगडी खेळायला बूट हवे असतील तर त्याला भेटायचं."

डाव्या म्हणजे आता कारखान्याचा सुपरवायझर. आणि मास्तरांचा जावई.

चामडं कापायची रीत साधी असते. पत्र्याचा साचा चामड्यावर ठेवायचा, त्याच्या कडेनं रापी फिरवायची, की डाव्या पायाचा तुकडा निघतो. मग तोच साचा पालथा घालायचा, की उजव्या पायाचा निघतो. साचा एकच, सुलटा डावा, पालथा उजवा. शिकाऊ म्हणून आलेला हा मुलगा साचा पालथा घालायलाच विसरला होता. चामड्याला तोंड एकच असतं, मागची बाजू खरखरीत, ती बुटाच्या बाहेर चालत नाही. त्यामुळे त्या बारा डाव्यांचं पुढे काहीच होण्यासारखं नव्हतं. मास्तरांनी मात्र त्यांचं बरंच काही केलं. त्या दिवसापासून मुलाचं नाव डाव्या पडलं. वर्षभरात तो रापी सोडून वरच्या ऑफिसात गेला, परीक्षा देत देत साहेब झाला, मास्तरांच्या मुलीनं बापाचा विरोध मोडून त्याच्याशी लग्नही केलं, तरी नाव काही सुटलं नाही. लग्नाच्या दिवशी सुद्धा गर्दीतून कोणीतरी ओरडलं होतं, "डाव्या, दोन्ही बूट बघून घाल रे!" आणि हसणाऱ्यांत मुलीचा बाप सगळ्यांत पुढे होता.

जावई त्यावर कधी बोलला नाही. माणूस बोलत नाही म्हणजे तो विसरला असं नसतं, हे मास्तरांना कळायला हवं होतं. पण कळायला हव्या त्या गोष्टी वेळेवर कळल्या असत्या, तर जगात सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

एका सोमवारी सकाळी खात्याच्या दारावर कागद लागला. नवं मशीन येणार होतं. पडद्यावर कातड्याचा फोटो दिसेल, माणसानं पडद्यावरच तुकडे मांडायचे, पातं आपोआप कापेल. मशीनवर बसायचं असेल तर तिन्ही कटरना आकृत्यांची परीक्षा द्यावी लागेल. तीस प्रश्न, वीस मिनिटं. अठरा बरोबर आले तर मशीन, नाही आले तर खोक्यांचं खातं. खाली सही जावयाची.

खोक्यांचं खातं तळघरात होतं. तिथे तयार बूट कागदात गुंडाळून खोक्यात भरत. तिथे गेलेला माणूस पुन्हा वर आलेला कोणी पाहिला नव्हता. मास्तर चौतीस वर्षं खिडकीजवळच्या त्या मेजाशी उभे होते. त्यांच्या टाचांनी तिथली फरशी झिजवली होती.

"साहेब," मास्तर म्हणाले. कारखान्यात ते जावयाला साहेब म्हणत, आणि अशा सुरात म्हणत की त्यापेक्षा डाव्या बरं वाटावं. "या परीक्षेत रापी लागते का?"

"नाही. पेन्सिल लागते."

"अरे वा. मग तुम्हाला जमली असेल."

शेजारच्या मेजावरचा चष्मेवाला खाली बघून हसला. तिसरा कटर गप्प्या. तो नावाप्रमाणे गप्पच राहिला.

"जमली की. माझ्या बढतीला हीच परीक्षा होती," जावई म्हणाला. "तीसपैकी एकोणतीस."

"आणि हुकलेला तो एक? डावा होता का उजवा?"

जावयाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं कागदाचा सुटलेला कोपरा पुन्हा चिकटवला, दोनदा दाबला. "पंधरा दिवस आहेत, मास्तर. अभ्यास करा."

"चौतीस वर्षं केलाय."

"तो दुसऱ्या विषयाचा."

त्या संध्याकाळी मुलगी आली. डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायचं काम ती करी, आणि दिवसभर लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणून म्हणून घरी येईपर्यंत तिच्या आवाजात एक हुकूम शिरलेला असे. आई गेल्यापासून ती आठवड्यातून दोनदा बापाकडे येई. तिनं पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"सरावाचं पुस्तक. ह्यांनी दिलंय."

"त्याला म्हणावं, उपकार खोक्यात भरून ठेव. नाहीतरी तो मला खोकीच भरायला लावणार आहे."

"बाबा, एकदा उघडून तर बघा. पहिल्याच पानावर..."

"पोरी, कातड्यावरचा गोचिडीचा डाग मी पाच हातांवरून ओळखतो. रेघोट्यांत लपलेला त्रिकोण शोधायला मला पुस्तक लागेल?"

"हा गर्व आहे."

"असू दे. निदान माझा स्वतःचा तरी आहे. नवऱ्याकडून आणलेला नाही."

मुलगी उठली. "तुम्ही दोघं एकमेकांना एकदाचं खाऊन टाका. मला सुट्टी मिळेल." पुस्तक मात्र तिनं नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ते पुस्तक कारखान्यात नेलं. डिंकाचा डबा ठेवायची फळी एका बाजूला कलली होती. मास्तरांनी पुस्तक डब्याखाली सारलं, डबा सरळ झाला. जावई दारातून बघत होता, हे पाहूनच त्यांनी ते केलं होतं. "छान पुस्तक आहे, साहेब," ते म्हणाले. "बरोबर मापाचं आहे."

परीक्षा झाली जेवणाच्या खोलीत. टेबलं लांब लांब मांडली होती. बाहेरून एक परीक्षावाल्या बाई आल्या होत्या, सडपातळ, गळ्यात घड्याळ अडकवलेल्या. त्यांनी फळ्यावर नमुना काढून दाखवला. डावीकडे एक साधी आकृती, गुडघ्यात मुडपलेल्या पायासारखी. उजवीकडे रेघांची चार जाळी. त्यांतल्या एका जाळ्यात ती आकृती लपलेली.

"कोणत्या जाळ्यात आहे ते ओळखून खूण करायची. आकृती त्याच मापाची असेल आणि आहे तशीच असेल. ती फिरवायची नाही, उलटायची नाही. कळलं?"

"कळलं," तिघं म्हणाले. मास्तरांनाही कळलं होतं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

घड्याळ सुरू झालं आणि मास्तरांना मनातून हसूच आलं. रेघांचं जंगल होतं खरं, पण ते जंगलाकडे बघतच नव्हते. कातड्यावर शिरा असतात, ओरखडे असतात, जुन्या जखमांचे वण असतात. नवखा माणूस ते बघत बसतो. जाणता माणूस त्यांच्यामधली मोकळी जागा बघतो, आणि साचा कुठे बसेल ते त्याला आधीच दिसतं. एकेक आकृती जाळ्यातून अशी वर येत होती, जशी पाण्यात बुडवलेली बुचं वर यावीत. तिसऱ्या जाळ्यात, खूण. पहिल्यात, खूण. चौथ्यात, खूण. चष्मेवाला चष्मा पुसत होता. गप्प्या पेन्सिलीचं टोक चावत होता. मास्तरांचे तीस प्रश्न तेरा मिनिटांत संपले. त्यांनी पेन्सिल सगळ्यांना ऐकू जाईल अशी टेबलावर आपटली आणि काचेच्या दारापलीकडे उभ्या असलेल्या जावयाकडे बघून एक मोठी जांभई दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर निकाल लागला. चष्मेवाला एकवीस, गप्प्या एकोणीस, मास्तर अकरा.

मास्तरांनी तो कागद तीनदा वाचला. तीनच ओळी होत्या, त्यामुळे चूक व्हायला जागा नव्हती. मग ते वळले. जावई त्यांच्या मेजाशेजारी उभा होता.

"कोणी तपासलं?"

"बाईंनी."

"खोटं. तू बदललंस." मास्तरांच्या तोंडातून 'साहेब' गेला होता, 'तुम्ही'ही गेलं होतं. "नऊ वर्षं दात धरून होतास. आज चावलास."

"शब्द जपून वापरा, मास्तर."

"ही परीक्षा तूच निवडलीस."

"मी नाही निवडली. वरून आली. पण मला निवडायला सांगितली असती ना, तर मी हीच निवडली असती."

चष्मेवाल्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. जणू पुढचं त्याला बघायचं नव्हतं. बघितलं मात्र सगळं.

"पेपर दाखव."

जावई वर गेला, बाईंना फोन केला असावा, आणि मास्तरांचा पेपर घेऊन खाली आला. त्यानं तो मेजावर ठेवला, वर दोन कोपऱ्यांवर वजनं ठेवली. चौथ्या प्रश्नावर लाल काट होती. मास्तरांनी खूण केली होती तिसऱ्या जाळ्यावर.

"ही चूक आहे?" मास्तर म्हणाले. "हे बघ, आकृती कापून तुझ्या डोळ्यांसमोर बसवून दाखवतो. मग तुझ्या बाईंना बोलाव, आणि येताना त्यांना चष्मा आणायला सांग."

"कापा."

मास्तरांनी रापी उचलली. डावीकडची आकृती त्यांनी एका दमात, हात न उचलता कापून काढली. तिची कड इतकी स्वच्छ होती, की छापखान्यातही तशी निघाली नसती. मग दोन बोटांत धरून त्यांनी ती तिसऱ्या जाळ्यावर ठेवली. रेघेवर रेघ बसली. केसाचीही फट नव्हती.

"तुकडा बसला का नाही? आं? बोल ना! बसला का नाही?"

मग चष्मेवाल्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि वाकून बघितलं. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "छापलेली बाजू खाली आहे."

खरंच होतं. जाळ्यावर बसलेला कागदाचा तुकडा कोरा पांढरा होता. मेजावरून जाळ्यापर्यंतच्या वीतभर वाटेत मास्तरांच्या बोटांनी तो पालथा घातला होता, आणि मास्तरांना त्याचा पत्ताही नव्हता.

"पुढचा कापा," जावई म्हणाला.

मास्तरांनी सातवा कापला. या वेळी ते स्वतःच्या हाताकडे बघत होते, तरी बोटं शेवटच्या क्षणी सवयीनं वळली, आणि पांढरी बाजू वर आली.

"एकोणीसच्या एकोणीस असेच आहेत," जावई म्हणाला. तो आता हळू बोलत होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "परीक्षेत मुद्दाम एका जाळ्यात खरी आकृती लपवतात आणि एखाद्यात पालथी. पालथी दिसली की तुम्ही तिकडे गेलात. मी पालथा घालायला विसरलो होतो. तुम्ही पालथा न घालायला विसरलात."

सबंध जन्मात मास्तरांनी डावा आणि उजवा हे दोन वेगळे आकार म्हणून कधी बघितलेच नव्हते. त्यांच्या लेखी ती एकच गोष्ट होती, जशी नाण्याची दोन तोंडं.

"पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा बसता येतं," जावई म्हणाला. "अर्ज करावा लागेल. माझ्या नावे."

तो अर्ज चार ओळींचा होता. पहिल्या ओळीत 'माननीय सुपरवायझर साहेब यांस' असं लिहायचं होतं, आणि त्या एका ओळीला मास्तरांना अख्खी दुपार लागली.

सुट्टीची घंटा झाल्यावर सगळे गेले. मास्तरांनी डिंकाचा डबा उचलला. पुस्तक फळीला चिकटलं होतं. रापीनं सोडवावं लागलं. पहिल्या पानावर, नियमांच्या वर, पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं. अक्षर ओळखीचं होतं. खात्याच्या दारावरच्या प्रत्येक नोटिशीत ते दिसे.

'उलट्यापासून सावध. मास्तर हमखास इथेच आपटणार.'

मास्तर पुस्तक घेऊन तडक वरच्या ऑफिसात गेले. जावई निघायच्या तयारीत होता.

"तुला माहीत होतं."

"होतं. लिहून पाठवलं होतं."

"तोंडानं सांगायला काय जीभ झडली होती?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"शिवाय," जावयानं पिशवीचा बंद ओढला, "तुम्हाला आपटताना बघायचंही होतं. खोटं कशाला बोलू."

इतक्या वर्षांत जावयानं त्यांच्याशी बोललेलं हे पहिलंच सरळ वाक्य होतं. मास्तरांना राग यायला हवा होता, आणि आलाच. पण त्या रागात टेकायला आधीसारखी भिंत राहिली नव्हती.

मग मुलीनं शिकवायला घेतलं. रोज कामावरून सुटल्यावर मास्तर तिच्याकडे जात. जावई त्या वेळी आतल्या खोलीत बसे, दार लावून. सासऱ्याला त्याचा खोकला ऐकू येई, जावयाला सासऱ्याच्या चुका.

"अख्खा आकार शोधायचा नाही," मुलगी सांगे. "त्यातला एकच कोपरा धरा, ज्याच्यासारखा दुसरा नाही. तो कोणत्या हाताला वळतोय ते तोंडानं बोला. मोठ्यानं. मग जाळ्यात फक्त तो कोपरा शोधा."

"उजवीकडे," मास्तर पुटपुटत.

"मग बोट कुठे ठेवलंत? हा डावीकडे वळतोय. पालथा! बाबा, परत पालथा!" आणि ती चमच्यानं त्यांच्या बोटावर टक्कन मारी.

"नवऱ्यानं शिकवून पाठवलंय का मारायला?"

"नाही. हा माझा स्वतःचा आनंद आहे."

पहिल्या दिवशी बारा आले. दुसऱ्या दिवशीही बारा. मग चौदा, मग सतरा. मास्तर रस्त्यानं पुटपुटत चालत, डावीकडे, उजवीकडे, आणि समोरून येणारे लोक बाजूला होत. दहाव्या दिवशी बावीस आले. बाराव्या दिवशी पंचवीस. आता आकृती दिसली की ती एकटीच दिसे. तिच्या पाठोपाठ हटकून येणारी तिची जोडीदारीण यायची थांबली होती. मुलगी खूश झाली. मास्तरही झाले. फक्त त्या दिवशी निघताना दाराशी काढून ठेवलेले स्वतःचे बूट घालताना ते क्षणभर थांबले. दोन बूट शेजारी शेजारी होते, आणि ते दोन वेगळ्याच माणसांचे वाटले.

दुसऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षा दहाला होती. मास्तर आठलाच मेजाशी उभे राहिले, कारण काळ्या बुटांची मागणी अडली होती. चष्मेवाला आणि गप्प्या मशीनचं शिक्षण घ्यायला दुसऱ्या इमारतीत गेले होते. खात्यात ते एकटेच. कातडं चांगलं होतं, मऊ, एकसारखं. मास्तर मनात उजळणी करत होते. एकच कोपरा. कोणत्या हाताला. आहे तसाच. रापी सुरेख चालत होती. तुकड्यामागून तुकडा बाजूला पडत होता. दहा झाल्यावर त्यांनी जोड्या लावायला घेतल्या.

जोडी लागेना.

त्यांनी एक तुकडा उचलला, दुसऱ्यावर ठेवला. बरोबर बसला. तिसरा ठेवला. तोही बसला. एकावर एक दहा तुकडे, पत्त्यांच्या गड्डीसारखे. दहाच्या दहा डावे.

चौतीस वर्षांत हे झालं नव्हतं. तापात काम केलं होतं, बायको गेली त्या आठवड्यात काम केलं होतं, तेव्हाही हात चुकला नव्हता. कातरणाचं पिंप दोन पावलांवर होतं. त्यात टाकून वर चार चिंध्या टाकल्या की संपलं. मोजणारं कोणी नव्हतं. त्यांनी गड्डी उचलली, पिंपापर्यंत गेले, झाकण काढलं. आणि तिथेच उभे राहिले. समोर भिंतीवर ते बारा तपकिरी तुकडे लोंबत होते. त्यांच्याकडे पाठ करून हे करता येईल का, असं त्यांनी मनात चाचपून पाहिलं. येईना.

"मास्तर, बाई आल्यात." दारात जावई होता.

तो आत आला. मास्तरांच्या हातातली गड्डी त्याला दिसली, पिंपाचं उघडं तोंड दिसलं. त्यानं हात पुढे केला. मास्तरांनी गड्डी दिली. जावयानं वरचा तुकडा बाजूला केला, खालचा बघितला, त्याच्या खालचा बघितला. दहावा बघेपर्यंत त्याच्या तोंडावर काहीच उमटलं नाही.

"हस," मास्तर म्हणाले. "हस की. तुझी पाळी आहे."

जावई हसला नाही. मास्तरांना वाटलं, हसला असता तर बरं झालं असतं.

"दोरा कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"खणात. आरीही तिथेच आहे."

जावयाला आरी सापडेना, तेव्हा मास्तरांनीच ती काढून दिली. जावयानं दहाही तुकड्यांना एकेक भोक पाडलं. आरी धरायची त्याची पद्धत अजून चुकीची होती, अंगठा फार पुढे. मास्तरांच्या जिभेवर आलं होतं, पण ते गिळून बसले. मग जावई स्टुलावर चढला, खिळ्यावरचे बारा तुकडे काढले आणि खाली न बघता पिंपात टाकले. भिंतीवर त्यांच्या आकाराचा एक फिकट डाग राहिला. त्यावर त्यानं काळे दहा टांगले आणि हात झटकले.

"चला. उशीर होतोय."

परीक्षेत प्रत्येक जाळ्यातून ती पालथी आकृती मास्तरांकडे बघत होती. मेजावरच्या त्या दहांनी तिला पुन्हा जागं केलं होतं. रस्त्यात जिवाभावाचा माणूस दिसावा आणि न बघितल्यासारखं करून पुढे जावं, तसं मास्तर तीस वेळा पुढे गेले. वीस मिनिटं पूर्ण लागली. पेन्सिल त्यांनी आवाज न करता ठेवली.

चोवीस आले.

निकालाच्या कागदासमोर चष्मेवाल्यानं मास्तरांच्या पाठीवर थाप मारली, वर खिळ्याकडे बघितलं आणि त्याला राहवलं नाही. "मास्तर, मग आता डाव्या कोणाला म्हणायचं?"

"दोघांनाही," गप्प्या म्हणाला. पंधरा दिवसांत तो बोललेला हा पहिला शब्द होता, आणि त्यावर जमलेले सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. दारात उभा असलेला जावईही हसला नाही. तेवढ्या एका बाबतीत त्या दिवशी दोघांचं एकमत झालं.

महिन्याभरात खिडकीजवळचं मेज हलवलं आणि तिथे मशीन आलं. झिजलेल्या फरशीवर त्याचे चारही पाय बसेनात, एका पायाखाली काहीतरी सारावं लागलं. मास्तरांनी ते डिंकाचे डाग पडलेलं पुस्तक दिलं. बरोबर मापाचं होतं. पडद्यावर मास्तर तुकडे मांडू लागले. पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण होतं. ते दाबलं की डावा तुकडा आपोआप पालथा होऊन उजवा होई, माणसानं लक्षात ठेवायची गरज नव्हती. मास्तर प्रत्येक वेळी ते दाबत, आणि तरी प्रत्येक वेळी मोजत.

एकदा जावई मागे येऊन उभा राहिला. मास्तरांनी मान वळवली नाही.

"साहेब, ते खिळ्यावरचं आता काढायचं का?"

"कशाला? नवा माणूस आला की दाखवायला बरं पडतं."

"किती दिवस ठेवणार?"

"नऊ वर्षं."

"मी चार वर्षांत रिटायर होतोय."

जावयानं वर खिळ्याकडे बघितलं.

"मग जाताना घरी घेऊन जा," तो म्हणाला.